मोकळी सोडलेली पट्टी

थोरली तिसऱ्यांदा त्या कचेरीत आली होती आणि तिसऱ्यांदा तिला त्याच बाकावर बसवलं होतं. बाकाचा एक पाय आखूड. बसणाऱ्यानं सगळा वेळ स्वतःला सावरत राहायचं, म्हणजे भांडायला अंगात जोर उरत नाही, अशीच बहुधा सोय केलेली होती.

तिचं काम एका शब्दाचं होतं. टेकडीमागच्या कुरणाची वरची पट्टी कागदोपत्री ‘मोकळी जागा, वापरात नाही’ अशी लागली होती. वापरात नाही म्हटल्यावर ती गोदामाला द्यायचं घाटत होतं. पट्टी गेली की उरलेल्या गवतावर दोनशे मेंढ्यांचं वर्ष निघणार नव्हतं. मेंढ्या विकाव्या लागणार, आणि मेंढ्यांशिवाय थोरलीला दुसरं काहीही येत नव्हतं.

“पण हे लिहिलं कुणी?” तिनं कारकुनाला विचारलं.

कारकुनानं फाइल फिरवून तिच्यापुढे धरली. “मावशी, आम्ही मनाचं लिहीत नाही. मोजणीवाला आला होता तेव्हा तुम्हीच सांगितलंत. ही बघा तुमची सही.”

थोरलीनं वाचलं. ‘सदर पट्टी मोकळी सोडली असल्याचे समक्ष सांगितले.’ खाली सही तिचीच, शेवटच्या अक्षराच्या लांबलचक शेपटीसकट.

तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती काढायची कुणावर? तसं ती बोलली होतीच. तिच्या सासरी सगळे तसंच बोलत आले होते. आळीपाळीनं कुरणाची एकेक पट्टी ‘मोकळी सोडायची’, म्हणजे दोन वर्षं तिच्यात एक खूर पडू द्यायचा नाही. गवत गुडघ्याला लागतं, कमरेला लागतं, बी धरतं, बी झडतं, आणि मग पुढची कित्येक वर्षं बघायला नको. सगळ्या कुरणात डोळ्यांत तेल घालून जपायची ती हीच जमीन. आणि तो शहाणा लिहून गेला, की इथं काहीच नाही!

“अहो, आमच्यात मोकळी म्हणजे राखलेली,” ती म्हणाली. “बाळंतिणीला कुणी कामाला जुंपतं का? तसं आहे ते.”

“मला कळतंय हो,” कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या. “पण फॉर्मवर रकाने दोनच. वापरात आहे, वापरात नाही. राखलेली असा रकाना नाही. तुम्ही तपासणीचा अर्ज द्या. गुरुवारी साहेब येतील. जनावरं चरताना दिसली की वापरात.”

“गुरुवारी? अहो, बी अजून हिरवं आहे. आत्ता चारलं तर दोन वर्षं मातीत गेली! पंधरा दिवसांनी या की.”

“पंधरा दिवसांत फाइल वर जाते, मावशी. मग आमच्या हातात काही नाही.”

घरी येऊन तिनं दिराला सांगितलं. धाकटा जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, “वहिनी, घालू आत. जमीन राहिली तर गवत पुन्हा धरेल.”

“धरेल, धरेल! बोलायला काय जातंय तुमचं, भाऊजी? ऊन-वाऱ्यात दोन वर्षं राखण कुणी केली?”

“तुम्हीच केली. मग काय, साहेबांपुढे गवतावर भाषण करणार?”

थोरलीनं ताट आपटलं. धाकट्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला.

गुरुवारी साहेब आले. गाडीतून उतरले ते गाडीला टेकूनच उभे राहिले. धाकट्यानं कळप पट्टीच्या कडेला आणला. तिथं चुन्यानं रंगवलेल्या दगडांची ओळ होती. सगळ्यांत पुढे पुढारीण. हे त्या म्हाताऱ्या मेंढीचं नाव, आणि ते तिला शोभायचंही. ती जाईल तिकडे बाकीच्या, विचार म्हणून कुणी करायचा नाही. पुढारीण दगडांपाशी आली आणि थांबली. तिच्यामागे दोनशे मेंढ्या थांबल्या.

थांबणारच. ढेकळं मारून, ओरडून घसा फोडून थोरलीनंच त्यांना ही ओळ शिकवली होती. पलीकडे कमरेएवढं गवत डोलत असताना एकीनंही कधी तोंड घातलं नव्हतं, आणि येईल त्याला थोरली हे कौतुकानं दाखवायची.

“चल गं, जा आत,” ती म्हणाली. पुढारीण ढिम्म. धाकट्यानं मागून रेटलं, तशा मेंढ्या दोन्हीकडे पांगल्या, पण ओळ काही ओलांडेनात.

“इथं चरत नाहीत वाटतं जनावरं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“साहेब, मीच शिकवलंय त्यांना न जायला!”

“म्हणजे वापरात नाही. तेच तर लिहिलंय आधी.”

थोरलीनं धाकट्याच्या हातातली काठी हिसकावली आणि पुढारिणीच्या पाठीत घातली. आजवर तिनं त्या मेंढीला बोटही लावलं नव्हतं. पुढारिणीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आपलं काय चुकलं म्हणून. थोरलीनं दुसरी घातली. तेव्हा ती मान खाली घालून दगडांपलीकडे गेली आणि तिच्यामागे सगळा कळप आत घुसला.

साहेबांनी मोबाइलवर दोन फोटो काढले, रकान्यात खूण केली. “झालं की काम. उगाच एवढं टेन्शन घेतलंत,” म्हणाले आणि गेले. सगळं मिळून दहा मिनिटं.

“वहिनी, सुटली पट्टी एकदाची,” धाकटा म्हणाला. हिरवी कणसं कराकरा तुटत होती, तो आवाज थोरलीला सहन होईना. निदान अर्धी तरी वाचवू म्हणून ती धावत आत शिरली आणि कळपाला बाहेर बोलावू लागली. पुढारीण तिच्यापासून चार पावलांवर होती. थोरलीनं तिला हाक मारली, एकदा, दोनदा, मग घसा खरवडेपर्यंत. पुढारिणीनं कान हलवले, म्हणजे ऐकू आलं होतं. पण तिनं मान वर केली नाही.