विहिरीले निळा रंग

आमच्या घमापुरातल्या जुन्या विहिरीले आम्ही बाया दरसाल चौदा एप्रिलच्या आधी निळा रंग देतो. पहिला हात सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा. बारा वर्षं मालनबाईनं ब्रश सोडला नाही. यंदा तिचे गुडघे बसले अन् नंबर माझा, शेवंताचा लागला. नवं लुगडं नेसून, रंगाचा डबा घेऊन गेली, तं विहिरीपाशी हेरिटेजवाला साहेब टपकलेला.

रत्नाकर नाव. घरचा मराठीच, पण बोलणं अर्धं हिंदीत. म्हणाला, "आजी, रंग मत लगाइए. हा सगळा खरडून काढायचा आहे. खाली ओरिजिनल दगड आहे, राजाच्या वेळचा, तीनशे साल पुराना."

त्याच्या हातात फॉर्म होता. 'लोकांसाठी महत्त्व' या रकान्यात ऑफिसातूनच लिहून आणलं होतं, 'पाणी'. अरे बाप्पा! वीस वर्षांपासून विहीर ठणठणीत कोरडी.

माझं डोकंच सरकलं. "ओरिजिनल काहून पाहिजे तुले? ओरिजिनलमंधी माझी माय या ओट्याखाली घागर घेऊन उभी राहे. कोणाले दया आली तं वरून पाणी ओतत. दीक्षा घेतल्यावर दुसऱ्या साली आमच्या बायांनी ओट्यावर चढून सोता पाणी ओढलं, अन् त्याच दिवशी हा रंग दिला. सगळ्यात म्हातारी म्हणून पहिला हात माझ्या आजीनं मारला. दगड राजाचा असंल. रंग आमचा आहे."

पोरानं पेन काढला. 'पाणी' खोडलं. लय वेळ लिहीत बसला. मग म्हणाला, "अच्छा आजी, तुमचा रंग आता वारसा. इसको कोई हाथ नहीं लगाएगा."

मी खुश. ब्रश बुडवला.

"अरे नहीं, नहीं! कोणीच म्हणजे तुम्ही पण नाही. आहे तोच रंग जतन करायचा. नवा लावायचा नाही."

घ्या! आगीतून फुफाट्यात. बारा वर्षं त्या मालनबाईच्या मागं उभी राहिली मी. रडूच आलं मले. "मुडद्या, जपायचं तं रंग लावणं जप! लिही तिथं, शेवंता दरसाल रंग देते."

"आणि तुमच्यानंतर?"

मी मागं पाहिलं. वयानं माझ्याखालची गीताबाई, पदर खोचून, हातात ब्रश घेऊन उभी.

"त्याची फिकीर तू नको करू," मी म्हटलं. "गीताबाई माझ्या मरणाचीच वाट पाहून राहिली."