भाऊजींची श्रवणसभा

आमच्या भाऊजींना संगीत आवडतं असं जो म्हणेल, त्याला माझ्यासमोर आणून उभा करा. भाऊजींना रेकॉर्डी आवडतात. रेकॉर्डींची पाकिटं आवडतात, पाकिटांचे कोपरे आवडतात, आणि एकही कोपरा दुमडलेला नाही हे चारचौघांना दाखवायला सगळ्यात जास्त आवडतं. आत संगीत असतं ही त्यांच्या लेखी अडचणच आहे, कारण ते ऐकलं की रेकॉर्ड झिजते.

हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. जुनं बिग बँड जॅझ गोळा करतो. म्हणजे पुढे सॅक्सोफोनवाल्यांची रांग, मागे ट्रॉम्बोन, त्यांच्या मागे ट्रम्पेट, आणि सगळा ताफा एका दमात उसळतो, ते संगीत. लोकांनी नाचावं म्हणून जन्मलेलं. तेच संगीत भाऊजी आणि त्यांचं मंडळ हाताची घडी घालून, सुतक असल्यासारखं तोंड करून ऐकतं. पायानं ठेका धरला तर अडाणीपणा. ताईच्या घरातली बसायची खोली रेकॉर्डींच्या कपाटांनी खाल्ली, ताईचं शिलाई मशीन बाल्कनीत गेलं, आणि ताई काही बोलली तर भाऊजी म्हणतात, "तुला नाही कळायचं ते." डोंबलाचं कळायचंय त्यात!

आमचे बाबा अशाच एका बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. दिवसा छापखान्यात टाइप जुळवायचे आणि संध्याकाळी काळा कोट चढवून हॉटेलात, जेवणाऱ्या माणसांसमोर. त्यांची खुर्ची रांगेत अगदी टोकाची. उठून एकट्यानं वाजवायचा मान कायम दुसऱ्याचा. पण बँडची एकुलती एक रेकॉर्ड भरली गेली त्या दिवशी एकट्यानं वाजवणाऱ्या त्या माणसाचा ओठ सुजला होता, म्हणून बँडमास्तर बाबांना म्हणाला, "तू ऊठ." आई तेव्हा त्यांचा डबा घेऊन दाराशी उभी होती. ती सांगते, बाबा उठले तेव्हा घाबरून खुर्ची सरकली, तो आवाज रेकॉर्डीत आहे. मग त्यांनी घेतलेला श्वास आहे. आणि मग ते वाजवतात. त्यांचा म्हणून जगात शिल्लक असलेला आवाज तेवढाच. कंपनी लवकरच बुडाली, बाकीच्या प्रती कुठे गेल्या देव जाणे. आमच्या घरी होती ती एक, आणि बाबा गेल्यावर ती भाऊजींनी "माझ्याकडे सुरक्षित राहील" म्हणून उचलून नेली. सुरक्षित राहिली खरी. त्यानंतर ती कुणी ऐकली म्हणून नाही.

यंदा आईचे कान जायला लागले. कानाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यंत्रानं भागतंय तोवर भागतंय, पण उरलंय तेही जाणार. मी आईला सांगितलं, कारण तिच्यापासून लपवून ठेवायला मला जमत नाही. ती जराही रडली नाही. म्हणाली, "मग मला एकदा ह्यांना ऐकू दे. नंतर जाऊ देत कान."

मी भाऊजींना फोन केला. "अगं, तबकडी म्हणजे काय रेडिओ आहे? बटण दाबलं की सुरू?" त्यांच्या घरात रेकॉर्ड म्हणत नाहीत, तबकडी म्हणतात. मी म्हटलं, बरं, मोबाइलवर तरी उतरवून द्या. त्यावर ते हसले. डिजिटल म्हणजे संगीताचं प्रेत, असं काहीसं म्हणाले. माणूस नाकानं कांदे सोलतो म्हणजे काय, ते बघायचं असेल तर आमच्या भाऊजींना फोन करावा.

शेवटी ताईनं डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा ते तयार झाले. पण साधं ऐकवतील तर ते भाऊजी कसले? "आईंच्या सन्मानार्थ श्रवणसभा ठेवू," म्हणाले. सन्मान आईचा, खुर्ची मधोमध ह्यांची.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. आईनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि वाटेत रिक्षात कानातलं यंत्र काढून घालून पाहत होती. मंडळ आधीच हजर होतं. मंडळ म्हणजे दोन माणसं, एक दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त न्यायाधीश. दोघं बाबांच्या रेकॉर्डीवरच्या लेबलाच्या लाल रंगावर वाद घालत होते. त्या रेकॉर्डीत कुणी कुणी वाजवलं असेल याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मी आईला स्पीकरच्या अगदी जवळ बसवलं. ती हात मांडीवर ठेवून बसली, लग्नाला आलेल्या लहान मुलीसारखी.

भाऊजींचं भाषण झालं. बँड दुय्यम दर्जाचा होता, वाजवणारे हौशी होते, पण तबकडी दुर्मिळ आहे, असा मथितार्थ. समोर त्या हौशी माणसाची बायको बसली होती! तिला नीट ऐकू आलं नाही हे नशीब. मला सगळं ऐकू आलं, आणि मी दातओठ खात बसले.

मग त्यांनी पांढरे हातमोजे चढवले. "या घरात न धुतलेली तबकडी सुईखाली जात नाही," ते म्हणाले आणि कपाटातून परदेशी बाटली काढली. त्यांच्या सगळ्या प्लास्टिकच्या रेकॉर्डी याच औषधानं लखलखीत होतात, हे आम्ही हजारदा ऐकलं होतं. बाबांची रेकॉर्ड त्यांच्याकडची सगळ्यात जुनी, म्हणून औषधही सढळ हातानं ओतलं. मऊ ब्रश घेऊन गोल गोल चोळायला लागले. पांढरा ब्रश काळा झाला. ते खूश. "बघा आई, किती मळ होता! इतकी वर्षं तुमच्याकडे कशी ठेवली होती कोण जाणे." पुन्हा ओतलं, पुन्हा चोळलं. ब्रश आणखी काळा झाला.

खोलीभर वास सुटला तसे दातांचे डॉक्टर पुढे झुकले. "यात स्पिरिट आहे का हो?"

"उत्तम प्रतीचं," भाऊजी म्हणाले.

"अहो, पण ही प्लास्टिकची नाही. जुनी आहे, लाखेची आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते."

भाऊजींचा हात थांबला. त्यांनी मोज्यांकडे पाहिलं. बोटं काळीकुट्ट झाली होती. तो मळ नव्हता. ती रेकॉर्ड होती. आमचे बाबा त्या ब्रशला लागले होते.

आईला यातलं काही कळलं नाही. ती हसून भाऊजींकडे पाहत होती, आता लावतील म्हणून. आणि त्यांनी लावली. दुसरं काही सुचलंच नाही त्या शहाण्याला. चकचकीत असायची ती काळी थाळी आता मातकट दिसत होती, तिच्यावर सुई टेकवली.

नुसती खरखर. आतून कुठूनतरी ढोल वाजतोय असं एकदा वाटलं, तेही गेलं. आई पुढे सरकली. तिनं यंत्राचा आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटी ते यंत्रच कानात किंचाळायला लागलं. तिचे डोळे स्पीकरवर लागलेले. सुई आत आत जात राहिली आणि मग उचलली गेली.

"संपलं?" आईनं विचारलं.

भाऊजी काळे झालेले मोजे खिशात कोंबत होते.

"मला तर काहीतरी घासल्यासारखं ऐकू आलं." तिनं यंत्र काढून हातात घेतलं. "गेले वाटतं गं माझे कान."

मी भाऊजींकडे पाहिलं. म्हटलं, आता बोलेल. माणूस कितीही पोकळ असला तरी आता तरी बोलेल. भाऊजींनी घसा खाकरला आणि वाकून मोठ्यानं म्हणाले, "आई, फार सुंदर वाजवलंय हो बाबांनी!"

"अप्रतिम," न्यायाधीश म्हणाले.

"खुर्ची सरकली ती ऐकलीत?" आईनं त्यांना विचारलं.

"ऐकली तर! अगदी स्पष्ट." जन्मभर साक्षीदारांचा खोटेपणा ऐकून हेच शिकले असावेत. डॉक्टर पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"मग झालं," आई म्हणाली. ती खरंच हसली. "तुम्ही ऐकलंत ना, पुष्कळ झालं. आहे ती रेकॉर्ड. नातवंडं ऐकतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपली अब्रू झाकायला हा माणूस माझ्या आईला बहिरी ठरवत होता, आणि वर सुंदर वाजवलंय म्हणत होता! मी यंत्र तिच्या कानात बसवलं आणि ओरडले, "तुझे कान शाबूत आहेत, आई! ह्यांनी रेकॉर्ड धुऊन टाकली. स्पिरिटनं विरघळली ती. काहीच वाजलं नाही. हे दोघंही खोटं बोलतायत."

"काहीतरीच काय," भाऊजी म्हणाले, "थोडीशी खरखर..."

"तुम्ही गप्प बसा हो!" हे ताई म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आई उठली. कपाटापाशी गेली आणि हाताला लागली ती रेकॉर्ड ओढून काढली. "जावईबापू, ही लावा."

"ती नको आई. तिचं वेष्टन अजून कुणी फोडलेलं नाही. तशी जगात..."

ताईनं ती आईच्या हातातून घेतली, नखानं वेष्टन टरकन फाडलं आणि स्वतः लावली. भाऊजींच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. बाबांची रेकॉर्ड विरघळली तेव्हा नव्हता आला तो, आता आला.

आधी सॅक्सोफोनांची रांग सुरू झाली. मग ट्रॉम्बोन, मग ट्रम्पेट एकदम उसळले. कुणीतरी उठून एकटा वाजवायला लागला, कुणी अनोळखी, फार चांगला. आई मान खाली घालून ऐकत होती. संपेपर्यंत ऐकलं.

"सगळं ऐकू येतंय," ती म्हणाली. "सगळं स्पष्ट येतंय."

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि आतापर्यंत दाबलेलं सगळं रडू बाहेर आलं.

"कान गेले असते तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. "मग हे तरी रेकॉर्डीत राहिले असते."