झाडूवाली पेशी

चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एक वेळ जेवतं. सत्यशीलाबाईंनी यंदा उलट उत्तर सोडलं होतं. देवापुढं हात जोडून त्यांनी संकल्प केला होता, की चार महिने कुणालाही उलट बोलायचं नाही. आठवी-नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे झेपायचं नाही, असं घरच्यांचं मत होतं. पण श्रावण निम्मा सरला तरी व्रत शाबूत होतं.

आणि मग लिंबागणेशजवळच्या त्या शाळेत गहिनीनाथ आण्णा आले.

आण्णा गावचे माजी सरपंच. पांढरा कडक शर्ट, मागं सुग्रीव नावाचा कार्यकर्ता. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"मॅडम, आमची स्वप्ना नाटकात झाडू घेऊन हिंडती म्हणं?"

"हो आण्णा. छान करते."

"आवो, पण कावून? नाटक मेंदूचं हाय ना? मंग करा की तिला मेंदू!"

शुक्रवारी बीडला विज्ञान नाटकांची स्पर्धा होती. बाईंनी नाटक बसवलं होतं चेतासंस्थेतल्या पेशींचं. निम्मी मुलं चेतापेशी, हातातून हातात निरोप देणारी. उरलेली आधारपेशी, म्हणजे चेतापेशींची उस्तवार करणारी. त्यातली मायक्रोग्लिया म्हणजे स्वप्ना. मेंदूतला केरकचरा उचलायचा आणि जंतू शिरला की त्याच्यावर झडप घालायची, हे तिचं काम.

"आधारपेशी म्हंजी घरगडीच की," आण्णा म्हणाले. "आमच्या फोटोला गावात खांब पुरत न्हाईत, आन पोरगी बीडात सगळ्यांम्होरं झाडझूड करणार? तिला चेतापेशी करा. इषय संपला."

"आण्णा, तुमी बी गांधी जयंतीला झाडू घेतलता की," सुग्रीव म्हणाला.

"फोटोपुरता घेतलता बे! गप बस."

दाराआड उभ्या स्वप्नाचे डोळे भरून आले होते. बाई बाहेर येताच तिनं त्यांचा पदर धरला. "बाई, मला मायक्रोच राहायचंय. चेतापेशीला नुसतं उभं राहावं लागतं. मी रोज घरी उशीवर झडप मारायची प्रॅक्टिस करते."

बाईंच्या जिभेवर आण्णांसाठी चार खणखणीत वाक्यं तयार होती. त्यांनी ती गिळली, मनात गणपतीचं नाव घेतलं आणि परत आत गेल्या.

"तुम्ही म्हणता तसं करू आण्णा. आज स्वप्ना चेतापेशी. फक्त एक विनंती आहे. म्हाळू तापानं घरी आहे, त्यामुळं तालमीला एक चेतापेशी कमी पडतीय. घटकाभर तुम्ही उभे राहता का? अगदी मधोमध जागा आहे."

मधोमध म्हटल्यावर आण्णा उठलेच.

व्हरांड्यात रांग लागली. बाईंनी नियम सांगितला, "चेतापेशीनं जागचं हलायचं नाही. एका हातानं निरोप घ्यायचा, दुसऱ्यानं पुढं द्यायचा. बस."

"सोप्पं हाय," आण्णा म्हणाले.

खरंच फार बरं चाललं होतं. जिनत ही अॅस्ट्रोसाइट. तिनं लाल ओढणीच्या रक्तवाहिनीतून गुळाचं पाणी पारखून घेतलं आणि आण्णांच्या तोंडाला फुलपात्र लावलं. हरिओम ऑलिगोडेंड्रोसाइट होता. त्यानं जुन्या पांढऱ्या साडीच्या पट्ट्यांनी एकट्यानं चौघांचे हात गुंडाळले, म्हणजे निरोप भरभर पळतो. तिकडं पायाच्या बाजूला हेच काम श्वान पेशी करत होत्या, पण एकेक जण एकालाच धरून. (हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अख्खा वर्ग भुंकला होता.) मागं दोघी जणी निळी साडी संथ हलवत होत्या. त्या एपेंडायमल पेशी, मेंदूतलं पाणी वाहतं ठेवणाऱ्या.

"लईच सेवा हाय हो," आण्णा खुशीत म्हणाले.

मग दुसरा प्रवेश. रांगेच्या टोकाला समिना म्हणजे पाय. तिच्या पावलावर कागदाची मुंगी. 'मुंगी चावली' हा निरोप मेंदूपर्यंत जायचा, 'झटक' असा हुकूम परत यायचा, आणि तोवर समिनानं पाय हलवायचा नाही.

निरोप निघाला. तेवढ्यात बाकावर चढलेल्या पोरांच्या हातून मेंदूतला केर, म्हणजे कागदाचे बोळे, शेंगांची टरफलं, वरून पडायला लागली. साचत साचत ती आण्णांच्या घोट्यापर्यंत आली. पुठ्ठ्याची शिंगं लावून आमेर आत शिरला. तो जंतू. त्यानं आधी आण्णांचं गुळाचं पाणी पिऊन टाकलं, मग त्यांच्या हाताच्या पट्ट्या सोडायला घेतल्या, आणि मग सरळ काखेत गुदगुल्या.

"ए! ए बेट्या! मॅडम, ह्याला आवरा!"

बाई हात जोडून शांत उभ्या होत्या.

"आण्णा, मुंगी चावायलीय," समिना टोकावरून ओरडली. "लवकर करा!"

"अगं, ह्यो सोडंल तवा ना! कुठं गेली ती झाडूवाली?"

"मी इथंच हाय पप्पा," शेजारून स्वप्ना म्हणाली. "पण मी आता चेतापेशी हाय. मला हलता येत न्हाई."

सुग्रीव खांबाला धरून हसत होता. आण्णांनी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं, पण काखेतली बोटं थांबेनात. शेवटी हसून हसून त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"स्वप्ने, सोड ती रांग! घे झाडू!"

"पण पप्पा, गावात लोक..."

"लोकांचं मी बघतो! तू आधी ह्याला बघ!"

स्वप्नानं अशी झडप घातली, की आमेरचं एक शिंग हातात आलं आणि जंतू पायरीवरून थेट मैदानात गेला. मग तिनं झाडू घेतला आणि वडिलांच्या पायाभोवतीचा केर काढायला लागली. आण्णांनी मदतीला पाय उचलला.

"पप्पा, हलायचं न्हाई!"

पाय खाली गेला. हरिओमनं पट्ट्या पुन्हा गुंडाळल्या, जिनत नवं फुलपात्र घेऊन आली.

"आण्णा," सुग्रीव म्हणाला, "मांजरसुंब्याला बैठक हाय. लोकं वाट बघायलेत."

"थांब बे. पोरगी तिकडं मुंगी घेऊन उभी हाय." त्यांनी मान वळवून स्वप्नाकडं पाहिलं. ती शेवटचं टरफल सुपलीत भरत होती. "मॅडम, शुक्रवारी झाडू नवा घ्या. हा लई झिजलाय."

"बरं आण्णा," बाई म्हणाल्या.

अडकलेला निरोप पुढं गेला, मेंदूकडून हुकूम आला आणि आण्णांच्या हातात पोचला. "झटक!" आण्णा सभेत ओरडावं तसे गरजले. छपरावरची कबुतरं उडाली.

"आण्णा, ओरडायचं नसतं!" सगळी रांग एका सुरात म्हणाली. "हातातनं द्यायचं!"

आण्णा ओशाळले. त्यांनी पुढच्या मुलीचा हात हळूच दाबला. निरोप सरसर खाली गेला, आणि समिनानं पाय असा झटकला की मुंगी सुग्रीवच्या खिशात जाऊन पडली.