भिंतीत जाणारं दार

बिजागऱ्या, कड्या आणि कुलपं विकणाऱ्या माणसाला बिनबिजागरीच्या दाराचा राग यावा, हे समजू शकतं. पण कुलूपशेठला (सगळा बाजार त्याला याच नावाने हाक मारायचा) राग आला नव्हता. त्याला हेवा वाटत होता, आणि राग जसा दुपारी जेवून आडवं झालं की उतरतो, तसा हेवा उतरत नाही.

झालं असं, की त्याची आई चार दिवस म्हणून त्याच्या धाकट्या भावाकडे राहायला गेली आणि तिकडचीच झाली. धाकटा छापखान्यात कामाला. दोन खोल्यांचं घर, त्यात नवरा, बायको, एक मुलगी आणि आता आई. शेठचं घर चार खोल्यांचं. आईसाठी ठेवलेल्या खोलीला मोठी खिडकी, जाड गादी, शेजारीच न्हाणीघर. ती खोली रिकामी, आणि दुकानात येणारं जाणारं विचारतंय, "आई बऱ्या आहेत ना? कुठे असतात हल्ली?" त्या 'हल्ली'ने शेठच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आगीत तेल ओतलं ते सुताराने. तो स्क्रू घ्यायला आला होता.

"शेठ, तुमच्या भावाकडे दार बसवलं बघा मी. भिंतीत जाणारं."

"भिंतीत जाणारं म्हणजे?"

"आई यायच्या आधी करून दे म्हणाले. खाट टाकली तर दार उघडेना, दार उघडलं तर आईंचा वॉकर वळेना. मग मी भिंत आतून पोकळ करून घेतली, वर रूळ टाकला, दाराला चाकं लावली. ढकललं की दार भिंतीच्या पोटात! जागा सगळी मोकळी. एक बिजागरी लागली नाही."

शेवटचं वाक्य सुताराने नुसतं कौतुकाने म्हटलं होतं. शेठला मात्र ते झोंबलं. धाकट्याच्या घरात दार बसतं आणि थोरल्या भावाच्या दुकानातला एक खिळासुद्धा त्याला चालत नाही! त्या क्षणी त्याची खात्री पटली, की आई धाकट्याकडे रमली ती त्या दारामुळेच. दुसरं आहे काय त्या घरात?

आईला डॉक्टरकडे न्यायची वेळ साधून तो धाकट्याच्या घरी गेला. घरात भावजय एकटी होती.

"दादा, तुम्ही? ते आईंना घेऊन गेलेत."

"माहीत आहे. ते दार जरा बघायचं होतं."

तिने चौकटीच्या कडेला बोट घालून दार ओढून दाखवलं. शेठने ते तीनचारदा आतबाहेर केलं. दार नवंकोरं होतं, एक ओरखडा नाही. किती जपतात लेकाचे, तो मनात म्हणाला आणि खिशातून टेप काढून लांबी, रुंदी, जाडी सगळं मोजायला लागला. भावजय चहा ठेवू का विचारत राहिली. तो नको म्हणाला. चोराने कुणाच्या घरी चहा प्यावा, हे त्यालाही बरं दिसेना.

आठवडाभरात शेठच्या घरात धुळीचं राज्य सुरू झालं. चांगली भिंत फोडायला घेतली, तेव्हा बायकोने डोक्याला हात लावला.

"अहो, आपल्याला जागा कमी पडतेय का? जुन्या दाराने तुमचं काय घोडं मारलंय?"

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. म्हणूनच विचारतेय."

शेठने ऐकलं नाही. धाकट्याचं दार प्लायवुडचं, म्हणून याचं सागवानी. त्याचं साधं, म्हणून याला खोबणीत बसवलेली पितळी मूठ. वर शेठने दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप आणून सुताराच्या हातात ठेवलं.

"म्हाताऱ्या माणसाच्या खोलीला कुलूप कशाला, शेठ?"

"दार माझ्या घरचं आहे," शेठ म्हणाला. सुताराने कुलूप बसवलं.

दार मात्र झालं झकास. एका बोटाने सरकायचं, आणि आवाज म्हणून नाही. शेठ स्वतः गाडी घेऊन आईला आणायला गेला. धाकट्याने औषधांची पिशवी आणून गाडीत ठेवली. शेठला तेही डाचलं. एखाद्याने निदान 'नको नेऊस' म्हणावं!

आईने दार पाहिलं. "छान आहे हो," म्हणाली. शेठची छाती फुगली.

"पड आता निवांत. कसलीही कटकट नाही इथे," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं.

पुढे रोज तेच. सकाळी दुकानात जाताना तो दार लावून जायचा, आईला त्रास नको म्हणून. संध्याकाळी ओळखीपाळखीचे दार बघायला यायचे. शेठ ते सरकवायचा, लोक "वा!" म्हणायचे, आई खाटेवरून मान हलवायची, दार पुन्हा बंद. बायको एकदोनदा म्हणाली, "उघडं राहू द्या की." त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने दागिना ट्रंकेतून काढून अंगणात टाकायला सांगितलाय.

एका सकाळी त्याने दार सरकवलं, तर आई खाटेवर तयार होऊन बसली होती. पिशवी भरलेली.

"मला धाकट्याकडे सोडशील?"

"काय कमी पडलं तुला इथे?"

"कमी काही नाही रे बाबा. पण घरात कोण आहे, कोण गेलं, काही कळत नाही. काल तुझ्या बायकोशी बोलत होते, बोलत होते, आणि ती केव्हाचीच बाहेर गेलेली. तिकडे कसं, पोरीचा पाढा चुकला की मी खाटेवरून ओरडते. सूनबाई भाजी निवडता निवडता शेजारणीच्या चुगल्या सांगते. दिवस जातो माझा."

"अगं, पण दार तर तसंच आहे!" शेठ जवळजवळ ओरडलाच. "त्याच्यापेक्षा भारी आहे. इंच न् इंच मोजून आणलंय मी!"

"कुणाच्या दारापेक्षा?"

"धाकट्याच्या!"

आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "त्याच्याकडे कुठलं दार? नुसती चौकट आहे तिथे. मी म्हटलं, ऐपत नसेल त्याची, म्हणून कधी विचारलं नाही." मग ती जरा पुढे वाकली. "का रे, आहे का तिथे दार?"

पितळी मूठ शेठच्या हातात होती. त्याने दार ढकललं, ते एकही आवाज न करता पूर्ण आत गेलं. समोर स्वयंपाकघर दिसू लागलं. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"नाही," तो म्हणाला. "तिथे दार नाही."

आणि पिशवी उचलायला तो खाली वाकला.