नरसय्याच्या कापडाच्या पत्रिका

मित्रांनो, जुळे सोलापुरात एका रो-हाऊसच्या बाजूला पत्र्याची शेड आहे. तिथे कपडे वाळत घालायच्या दोरीखाली एक काळे, अवजड धूड उभे दिसते ना, तो मी. मी एक जुना ट्रेडल आहे. ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचे छपाईचे यंत्र. मला स्वस्थ उभे राहणे कधीच जमले नाही, आणि नेमके तेच माझ्या वाट्याला फार आले.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. मालगाडीने मी सोलापुरात आलो आणि हमालांनी मला मंगळवार पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात आणून उभे केले. मालक ईरप्पा तेव्हा तरुण होते. कपाळाला भस्म लावून ते सकाळी आत यायचे, आधी मला तेल घालायचे आणि मगच स्वतः चहा प्यायचे. त्यांचा पाय पट्टीवर पडला की माझे मोठे चाक फिरू लागे. रूळ शाई घेऊन अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांवरून उतरत, मी मिटे, पुन्हा उघडे, आणि कागदावर अक्षरे उमटलेली असत. कधी मराठी, कधी कन्नड, कधी तेलुगू. मी हँडबिले छापली, पावत्या छापल्या. पण सर्वांत जास्त छापल्या त्या लग्नपत्रिका. लग्नसराईत मला श्वास घ्यायला वेळ नसे. ईरप्पा आल्यागेल्याला सांगत, "निम्म्या सोलापुराची लग्नं आमच्या ट्रेडलनं लावलीत की!" ते ऐकून माझे चाक हलके होई.

पुढे कॉम्प्युटर आले, ऑफसेट आले. पत्रिका चकचकीत झाल्या आणि दुसरीकडे छापून येऊ लागल्या. माझ्याकडे पावतीपुस्तकांना भोके पाडायचे काम उरले, मग तेही गेले. छापखाना बंद झाला. शिशाचे खिळे वजनावर विकले गेले. मला घेणारे कोणी मिळाले नाही, म्हणून ईरप्पांनी मला घराच्या शेडमध्ये आणून ठेवले आणि पाठ फिरवली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्यावर जुने कॅलेंडर, कूलरचे खोके आणि फुटकी बादली येऊन बसली. माझ्या रुळांवर धूळ चढत होती आणि मी आतल्या आत तळमळत होतो.

तेवढ्यात शिवलीला परत आली. शिवलीला म्हणजे ईरप्पांची मुलगी. ती डिझायनर. पुण्यात एका कंपनीत ती खोक्यांवरची चित्रे करायची. दिवसभर पडद्याकडे बघून तिची बोटे शिवशिवायची म्हणे. एक दिवस नोकरी सोडून ती घरी आली आणि तिने गच्चीवर टबात टॉवेलच्या चिंध्या भिजत घातल्या.

"हे काय करायलीस गं?" ईरप्पांनी विचारले.

"कागद करायलेय, अप्पा. हाताचा कागद."

"पुण्याची नोकरी सोडून चिंध्या कुटाय लागलीस?"

शिवलीलाने चिंध्यांचा लगदा करायला आईचा मिक्सर घेतला आणि तो जाळला. तिची आई कमलम्मा पुढे आठवडाभर चटणी खलबत्त्यात कुटत होती आणि कुटताना मुद्दाम मोठा आवाज करत होती.

पण कागद झाला. सोलापूरच्या उन्हात तो पापडासारखा वाळला. जाडसर, खडबडीत, आणि अंगात कुठे लाल, कुठे निळे टिपके. त्यावर छापायला काय वापरावे, या विचारात ती शेडमध्ये आली, तिने खोके बाजूला केले आणि माझ्या चाकावर हात ठेवला. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? तिने मला रॉकेलने पुसले, नवे रूळ आणले, विकलेल्या खिळ्यांच्या जागी अक्षरांचे ठसे करून घेतले, आणि मी कुरकुरत का होईना, फिरलो.

तुम्हाला वाटेल, आता सगळे सुरळीत झाले. तसे झाले नाही, कारण शिवलीलाचा जीव माझ्याहून अस्वस्थ. ती आज पाकिटे करी, उद्या आकाशकंदील, परवा बाहुल्यांची घरे. एक काम अर्धे टाकून दुसरे घेई. प्रत्येक नव्या कामाच्या वेळी मला धास्ती वाटे, आता हिला माझा कंटाळा येईल. शेवटी एका मोठ्या दुकानाने तिला डायऱ्यांच्या कव्हरांचे काम दिले. सगळी कव्हरे एकाच नमुन्याची हवी होती. एकसारखे काम करणे हा माझा स्वभाव. मी खूश होतो. शिवलीला मात्र पट्टीवर पाय मारताना सारखी खिडकीबाहेर बघायची. तरी तिने नेटाने काम पुरे केले. आणि अर्धी कव्हरे परत आली. छपाई एकसारखी होती, पण कागद नव्हता. दुकानवाले म्हणाले, एकात टिपके जास्त, एकात कमी, असे चालणार नाही.

तिचा भाऊ विरेश तेव्हा नवी गाडी घेत होता. त्याला शेड हवी होती. जेवताना तो म्हणाला, "अक्का, झाली की हौस. भंगारवाल्याशी बोललोय मी. मशीन काढू आता."

शेड स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. शिवलीलाचे ताट मोरीत आपटले. ईरप्पांनी फक्त ताक मागितले.

परत आलेली कव्हरे घेऊन शिवलीला सोलापुरात दरवर्षी भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत विकायला बसली. तिथले मला तिनेच घरी सांगितल्यामुळे कळले. लोक येत, कव्हर उचलून बघत आणि ठेवून देत. मग एक बाई आल्या. काशम्मा त्यांचे नाव. त्यांनी एक कव्हर डोळ्यांजवळ धरले, टिपक्यांवर नख फिरवले आणि म्हणाल्या, "हे टॉवेलचं सूत हाय न्हवं? कुटं मिळालं?"

शिवलीलाने सगळे सांगितले. काशम्मा बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिल्या. चारच दिवसांनी त्या पत्ता शोधत आमच्या दारात आल्या. त्यांच्या काखेत एक बोचके होते.

बोचक्यात निळ्या-तांबड्या चौकटीचे लांबलचक कापड होते. त्यांचे यजमान नरसय्या यंत्रमागावर टॉवेल विणायचे. आजारी पडले तरी मागावर जात राहिले. हे त्यांनी विणलेले शेवटचे कापड. तुटलेला धागा जोडताना हात चुके, म्हणून काठ वाकडा गेलेला, सूत मध्येच सुटलेले. ते विकण्याजोगे नव्हते. नरसय्या गेले, माग भंगारात गेला, आणि हे कापड पेटीत राहिले.

"ह्याच्या पत्रिका कर, पोरी," काशम्मा म्हणाल्या. "माझ्या अंबिकाच्या लग्नाच्या."

शिवलीला दचकली. "मावशी, ह्याचे बारीक तुकडे करावे लागतील. उकळावं लागेल, कुटावं लागेल. कापड राहणारच नाही."

"ठावं हाय की. पेटीत ठिवून काय करू? लग्नात तिचा बाप न्हाय. पत्रिका तरी बापाच्या हातची असू दे. घराघरात जाऊ दे त्याचं काम." आणि जाताना त्या वळून म्हणाल्या, "दुसरं काय मिसळू नको त्यात. जेवढ्या हुतील तेवढ्या कर."

त्या गेल्यावर शिवलीला माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिने कापड उलगडले, पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडले. कात्री घेतली, ठेवली. ईरप्पा दारातून बघत होते. ते एवढेच म्हणाले, "हे चुकलं तर परत मिळायचं न्हाय, शिवा."

"म्हणूनच हात चालत नाहीये, अप्पा."

शेवटी तिने कात्री चालवली. पहिला तुकडा पडला तेव्हा कमलम्माने तोंडाला पदर लावला. उकळून, कुटून, गाळून कागद झाला. पत्रिका पुरेशा व्हाव्यात म्हणून शिवलीलाने त्या तळहाताएवढ्याच ठेवल्या. कागद राखी-निळसर होता आणि त्यात तांबडे धागे जागोजागी अडकलेले.

पहिला कागद माझ्यात आला. मी मिटलो आणि उघडलो. कागद मधोमध फाटला होता. दुसराही तसाच फाटला. शिवलीला तिसरा घेणार, तोच ईरप्पा पुढे आले आणि त्यांनी माझे चाक हाताने धरले. इतक्या वर्षांनी त्यांचा तळवा माझ्या लोखंडाला लागला. मी शहारलो.

"थांब. दाब जास्त हाय." दाब कमी व्हावा म्हणून त्यांनी माझ्या पाटावरच्या अस्तराचे कागद काढले, बोटाने चाचपले, पुन्हा काढले. तिसरा कागद फाटला नाही; पण अक्षरे अर्धवट उठली. दाब वाढवला की कागद फाटे, कमी केला की अक्षर उठत नसे. ईरप्पा घामाघूम झाले आणि मटकन स्टुलावर बसले. "ह्या कागदाचं मला कळंना बघ."

शिवलीला येरझारा घालू लागली. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खाली मान घालून. मला वाटले, आता ही सगळे टाकून निघून जाणार. ती गेलीही, पण ओला टॉवेल घेऊन परत आली. तिने कागद त्या ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवले.

"वला कागद कोण छापतंय का?" ईरप्पा उठून उभे राहिले.

"वाळला की कडक होतो, म्हणून फाटतोय, अप्पा. दमट असला की नरम राहील. बघू तरी."

ईरप्पांनी कागद लावला. शिवलीलाने पाय मारला. मी माझी सगळी गंजकी हाडे आवरून, जमेल तितक्या हळू मिटलो. उघडलो तेव्हा दोघांनी एकदमच मान पुढे घातली. "अंबिका" हे नाव कागदात खोल, स्वच्छ उमटले होते. नावाच्या वेलांटीतून एक तांबडा धागा गेला होता.

"सावकाश आता," ईरप्पा म्हणाले. "घाई करू नको."

त्या दिवशी शिवलीलाने खिडकीबाहेर पाहिले नाही. बाप कागद लावी, लेक पाय मारी. मध्येच विरेश येऊन उभा राहिला. त्याने एक पत्रिका उचलून उन्हात धरली, खाली ठेवली आणि तो गेला.

काशम्मा पत्रिका न्यायला आल्या तेव्हा त्यांनी वरची पत्रिका हातात घेतली. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी कागद उलटा केला, मागच्या धाग्यांवर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "नरसय्याचंच हाय." मग डोळे पुसून त्यांनी चहा मागितला.

त्यानंतर काही दिवसांनी भंगारवाला हातगाडा घेऊन आला. ईरप्पा फाटकाशी गेले. "मशीन विकायचं न्हाय. कामात हाय," असे म्हणून त्यांनी फाटक लावून घेतले. विरेशची गाडी आता बाहेर, लिंबाच्या झाडाखाली उभी असते. पक्षी ती घाण करतात आणि तो रोज कुरकुरतो.

अंबिकाच्या लग्नाला शिवलीला आणि ईरप्पा दोघेही गेले. आल्यावर शिवलीला चपला न काढताच शेडमध्ये आली. तिच्या हातात एक पत्रिका होती, कुंकवाने माखलेली आणि बुटाचा ठसा उठलेली. मंगल कार्यालयात खुर्चीखाली पडलेली तिला सापडली होती. ईरप्पा मागोमाग आले तेव्हा ती रागाने त्यांना सांगत होती, "ह्या माणसांना कळत कसं नाही? काशम्मांना मी हे दाखवलं. त्या काय म्हणाल्या माहितीये?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'पडू दे की. बोलवायला गेली हुती, माणूस आला. तिचं काम झालं.'"

ईरप्पा हसले. शिवलीलाही मग हसली. मला मात्र हसू आले नाही.

मित्रांनो, काशम्मांचे म्हणणे खरेच असेल. त्यांनी जे गमावले, त्यापुढे एका पत्रिकेचे काय! पण मी यंत्र आहे आणि मला ते अजून पटत नाही. बाकीच्या पत्रिका कुठे असतील, कुणाच्या कपाटात, कुणाच्या कचऱ्यात, हाच विचार माझ्या डोक्यात घोळत राहतो. म्हणून एवढेच मागतो. तुमच्या घरी कुणाच्या हातची वस्तू आली, तर फेकण्यापूर्वी एकदा तिच्यावर बोट फिरवा. तेवढ्याने माझ्यासारख्याला बरे वाटते.

आणखी एक विनंती आहे. शिवलीला आत्ताच गच्चीवरून धावत खाली येते आहे. पत्रिकांचा तिला कंटाळा आलेला दिसतो. तिच्या बादलीत या वेळी काय भिजते आहे, देव जाणे. माझे सांधे सकाळपासून कोरडे आहेत आणि तिचा पाय आत्ता पट्टीवर पडेल. कुणीतरी ओरडून सांगा हो तिला, आधी तेल!