फाळक्याचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. देखणा मुळीच नाही. बाहेरून लोखंड, आतून बाभूळ आणि वजन असं, की मला बघून नवा माणूस दोन्ही हात लावायला जातो. निफाड तालुक्यातल्या एका मळ्यात, विहिरीजवळच्या दगडी खोलीला मी बसवलेला आहे.

मी मुळात दरवाजा नव्हतोच. मळ्याचा मालक सहादू, त्याच्या ट्रॅक्टरला जी ट्रॉली होती, तिचा मी मागचा फाळका, माल पडू नये म्हणून लावतात तो. ऊस, शेणखत, द्राक्षांचे क्रेट, लग्नाची वऱ्हाडं, सगळं माझ्या आधाराने गावोगाव फिरलं. पुढे नवी ट्रॉली आली आणि मला गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. आपलं काम संपलं, असं मी धरून चाललो होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी आमच्या उसात बिबट्या आला. द्राक्षांच्या छाटणीला सुरगाण्याहून भिकन आणि त्याची बायको कुसाबाई दर वर्षी यायचे. बागेच्या कडेला उसाच्या पाचटाची खोपी करून राहायचे. एका पहाटे खोपीच्या तोंडाशी बांधलेली त्यांची शेळी बिबट्याने नेली. कुसाबाईच्या कडेवर तेव्हा तान्ही मुलगी होती. भिकन गावी परतायचं म्हणून गाठोडं बांधायला लागला.

सहादूची बायको सुलाबाई तिथे आली. खोपीत आता कुणी झोपायचं नाही, विहिरीजवळच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत झोपायचं, असं तिने सांगितलं. खोलीच्या भिंती दगडी होत्या, वर स्लॅब होता. दार मात्र वाळवीने खाल्लेलं. सहादू म्हणाला, हे दार बिबट्याच्या शिंकेनेही पडेल. सुलाबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

मग सगळेच कामाला लागले. भिकनने पडलेल्या बाभळीच्या फळ्या तासल्या आणि माझ्या पाठीला बोल्टने आवळल्या. गावातल्या वेल्डरकडून सहादूने माझ्यावर बागेतल्या जुन्या मांडवाचे लोखंडी अँगल आडवे-तिडवे जोडून घेतले. सुलाबाईने काळा रंग दिला. लोखंडाला लावून उरलेला तिने लाकडालाही लावला. सहादूने मला चौकटीत बसवलं, ते मी आत उघडेन असं. आतून कडी घालून भिकन उभा राहिला. सहादू म्हणाला, मी बिबट्या. त्याने धावत येऊन खांदा मारला. कडी उपटली आणि सहादू भिकनसकट आत आडवा झाला. कुसाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. सहादूही धूळ झटकत हसला.

सुलाबाईने मला बाहेर उघडणारा करायला लावलं. म्हणजे बाहेरून कुणी कितीही ढकललं, तरी मी चौकटीवरच दाबला जाणार. आतून जाड अडसर घातला. सहादूने बाहेरून कुलपासाठी कडी आणली होती. सुलाबाईने ती लावू दिली नाही. आत माणसं झोपणार, त्यांना बाहेरून कोंडायची सोय कशाला, असं तिचं म्हणणं पडलं.

त्या रात्रीपासून माझ्या आड ते कुटुंब गाढ झोपू लागलं. मित्रांनो, आयुष्यभर मी ओझी वाहिली होती. कुणाची झोप सांभाळायचं काम मला पहिल्यांदाच मिळालं आणि ते मला फार आवडलं.

पुढच्या हंगामात एका तिन्हीसांजेला कुसाबाई बाहेर चुलीवर भाकरी थापत होती. तिची मुलगी मालकांच्या घराच्या ओट्यावर सुलाबाईच्या मोठ्या मुलीपाशी, शुभांगीपाशी, खेळत होती. मी सताड उघडा होतो. एवढ्यात मळ्यातला कुत्रा केकाटत आला आणि सरळ खोलीत शिरला. त्याच्या मागे बिबट्या. आत भांडी पडली. कुत्रा भिंतीकडेने वळून बाहेर निसटला, आणि बिबट्या बाहेर यायच्या आत कुसाबाईने मला लोटून लावलं.

पण मी तर बाहेर उघडणारा. अडसर आत राहिलेला, बाहेर कडी नाही. बिबट्याने आतून अंग टाकलं आणि मी हललो. कुसाबाई पाठ लावून खाली बसली, टाचा मातीत रोवल्या आणि ओरडली. सुलाबाई धावत आली. काय झालं, हे विचारायलाही ती थांबली नाही. शेजारी पाठ टेकून बसली. तिने शुभांगीला ओरडून सांगितलं, पोरीला घरात घे, वनखात्याला फोन लाव आणि बागेतून बाबांना हाक मार.

आत नखं बाभळीवर ओरखडत होती. दोघींच्या पाठींना ते जाणवत होतं.

"कुसा, तू जा. तुझं लेकरू लहान हाय," सुलाबाई म्हणाली. "मी धरते."

"एकलीच्यानं नाय व्हायचं, ताई. ऱ्हायलो तर दोघी ऱ्हाऊ."

दोघींनी टाचा आणखी रोवल्या. सुलाबाईने तिचा हात धरला, तो सोडला नाही. सहादू ट्रॅक्टर घेऊन आला आणि मागचं मोठं चाक माझ्यावर टेकवलं, तेव्हाच त्या उठल्या. कुसाबाई तडक घराकडे, लेकीकडे धावली.

वनखात्याची माणसं आली. त्यांनी भिंतीतल्या लहान झरोक्यातून भुलीची सुई मारली. मादी होती, वयाने लहान. तिला पिंजऱ्यातून नेलं.

दुसऱ्या दिवशी भिकनने पुन्हा गाठोडं बांधायला काढलं. कुसाबाईने ते सोडलं. मग ती सुलाबाईकडे जाऊन म्हणाली, "ताई, भाईर कडी बसवा. पण कुलूप नको." तशीच कडी बसली. आजही माझ्यावर कुलूप नाही.

पुढे आसपासच्या वस्त्यांवरचे लोक मला बघायला आले. कुणी माप घेऊन गेलं, कुणी नखांच्या खुणांवरून हात फिरवला. काही वर्षांनी सहादूने कामकऱ्यांसाठी पक्क्या खोल्या बांधल्या आणि माझ्या आड खताच्या गोण्या आल्या. खताच्या ओलीने मी गंजलो. बिजागऱ्या जाम झाल्या. तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, पण तक्रार नाही. माणसं चांगल्या घरात झोपत होती. मग एकदा मी अर्धाच उघडलो नि तिथेच अडकलो, तेव्हा सुलाबाईने रागावून गोण्या हलवल्या, मला घासलं आणि बिजागऱ्यांत तेल सोडलं. आता दर छाटणीच्या आधी ती तेल घालते. मी पुन्हा एका हाताने फिरतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं दार कुरकुरत असेल, एखादी कडी नीट बसत नसेल. आज-उद्या करू नका. तेलाचा एक थेंब सोडा. मजबूत दरवाजा बांधला म्हणजे झालं, असं नसतं. दार आपण होऊन कधीच लागत नाही. ते लावून घ्यायला कुणीतरी जागेवर असावं लागतं.