कॉलच्या आधीचा कॉल

"नावं नकोत, बिट्टे, प्लीज," फ्राउ लिंडनर म्हणाली आणि शुभाच्या हातात तिचं पिवळं कार्ड परत ठेवलं. "आपण दोषी शोधायला बसलेलो नाही. कामाची पद्धत सुधारायला बसलो आहोत."

शुभाचं डोकं फिरलं. कार्डावर तिने देवश्रीचं नाव दोष द्यायला लिहिलंच नव्हतं. तिचा दोष नाही, एवढंच लिहिलं होतं. पण नियम म्हणजे नियम, आणि फ्राउ लिंडनर तर हे नियम शिकवायलाच म्युनिकहून आली होती.

रेगेन्सबर्गच्या या कंपनीत मोटारीच्या काचा वरखाली करणारं सॉफ्टवेअर बनायचं, निम्मं इथे आणि निम्मं पुण्यात. शुभा दोघांच्या मधली. यांचं त्यांना आणि त्यांचं यांना समजावण्यात तिच्या उमेदीची वर्षं चालली होती. जानेवारीच्या थंडीत चाचणीच्या एका गाडीची काच मध्ये बोटं असूनही थांबली नाही. ड्रायव्हरची बोटं चिरडली. म्हणून आज ही बैठक: काय चुकलं ते प्रत्येकाने कार्डावर लिहायचं.

संतापाची गोष्ट अशी, की ही चूक पुण्यात देवश्रीला आधीच सापडली होती. पुण्यात कुठली आलीय तसली थंडी? पण या टेस्टर बाईने तापमानाचे आकडे शून्याच्या खाली घालून बघितले आणि काच थांबत नाही हे पकडलं. तिने ते सांगितलंही, पण प्री-कॉलमध्ये. जर्मनांशी बोलण्याआधी पुण्याची टीम दर वेळी आपापसात एक कॉल करायची. कोणी काय बोलायचं आणि काय गिळायचं, ते त्यात ठरायचं. शुभाही त्या कॉलवर असायची.

"देवश्री, ते आत्ता काढू नकोस," पुण्याचा मॅनेजर गुरुदत्त तेव्हा म्हणाला होता. "क्लायंटसमोर अब्रू जाते आपली. पुढच्या रिलीजमध्ये गुपचूप दुरुस्त करून टाकू. शुभा, तूही जरा सांभाळून घे गं."

शुभाने सांभाळून घेतलं. थोड्या वेळाने खऱ्या कॉलवर इथल्या जर्मन साहेबाने, ब्रांटने, नाव घेऊन विचारलं, "देवश्री, एनी प्रॉब्लेम?" पडद्यावर देवश्रीने डावीकडे, गुरुदत्तकडे पाहिलं. "नो प्रॉब्लेम," ती म्हणाली.

त्याच 'नो प्रॉब्लेम'वर बोट ठेवून गुरुदत्तने आता तिला प्रोजेक्टवरून काढलं होतं. टेस्टरने काही कळवलंच नाही म्हणे! आणि हा निर्लज्ज माणूस आत्ताही पडद्यावर, कडक इस्त्रीच्या शर्टात, फ्राउ लिंडनरच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

शुभा उभी राहिली.

"देवश्रीला चूक सापडली होती. गुरुदत्तने तिला गप्प बसवलं. मी ते ऐकलं आणि मीही गप्प बसले. हे तुमच्या पद्धतीत कुठे बसतं ते बघा."

गुरुदत्तने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ब्रांट मात्र खरोखरच गोंधळला. "पण मी तिला सरळ विचारलं होतं!"

"तिच्या साहेबासमोर विचारलंत."

"आल्झो, म्हणजे मग कुठे विचारायचं?"

शुभाने तोंड उघडलं, पण वेळ संपली होती. फ्राउ लिंडनरने तिचं म्हणणं स्वतःच्या सुबक अक्षरात नव्या कार्डावर उतरवलं: 'संवाद वाढवणे'. मतांचे लाल ठिपके सगळ्यांत जास्त त्याच कार्डावर चिकटले. उपायही हातोहात निघाला. यापुढे प्रत्येक कॉलच्या आधी पुण्यात तयारीची अधिकृत बैठक होईल, आणि ती गुरुदत्त घेईल. सगळ्यांनी जर्मन रीतीने टेबलावर बोटं वाजवून शाबासकी दिली. शुभाला ते टेबलच उलथून टाकावंसं वाटलं.

दुपारी देवश्रीचा फोन आला. थँक्यू म्हणेल, अशी शुभाची समजूत.

"तुला कोणी सांगितलं होतं गं तोंड उघडायला?" देवश्री ओरडली. "तेव्हा मूग गिळून बसलीस ना? मग आताही बसायचं! दुसऱ्या प्रोजेक्टवर चालले होते मी गुपचूप. आता तो म्हणतो, राजीनामा दे."

"अगं, पण तुझ्या नावावर खोटं—"

"नाव माझं होतं ना? मग मला विचारायचंस तरी आधी!"

फोन आपटल्याचा आवाज आला. सकाळपासून गुरुदत्तवर, ब्रांटवर, त्या कार्डांवर ती जळत होती. आता सगळ्यात जास्त चीड तिला स्वतःची आली.

पुढच्या सोमवारी पडद्यावर देवश्रीच्या खुर्चीत नवी टेस्टर होती, ईप्सिता. अधिकृत बैठक आटोपली होती. शुभाला त्या बैठकीचं बोलावणं नव्हतं.

"ईप्सिता, एनी प्रॉब्लेम?" ब्रांटने या वेळी अगदी हसून विचारलं. "मोकळेपणाने सांग."

ईप्सिताने डावीकडे पाहिलं. "नो प्रॉब्लेम."

"प्रीमा!" ब्रांट खूश झाला.

शुभाने टेबलाखाली मोबाइल धरून मेसेज लिहिला. 'मी शुभा. काही सापडलं असेल तर एकटी असताना फोन कर. तुला विचारल्याशिवाय मी कोणाला सांगणार नाही.'

पडद्यावर ईप्सिताच्या पुढ्यातला फोन उजळला. तिने तो उचलला, मेसेज वाचला, पुन्हा वाचला. शुभा तिच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

ईप्सिताने हळूच डावीकडे पाहिलं आणि फोन पालथा घालून ठेवला.